सत्तरीपुढे निम्मा डोस

३ मार्च

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. पत्रास कारण की, फोनवर आपण दोघं एकमेकांना बोलू देत नाही. कागद मध्ये तोंड घालत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल बाबांना तपासणीला नेलं. रक्ताच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले. डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, हा सावकाशीचा प्रकार आहे, रोज एक गोळी घ्यायची, पुष्कळ लोक त्यावर वर्षानुवर्षं जगतात. काल त्याच बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. पांढऱ्या पेशी उतरायला हव्या होत्या तशा उतरल्या नाहीत, आणि वर लिव्हर बिघडलंय. त्यांनी बाबांच्या डोळ्याची पापणी खाली ओढून मला दाखवली. डोळा पिवळा होता. मी रोज त्या माणसाला जेवायला वाढते आणि मला दिसलं नाही. स्वयंपाकघरातला दिवा पिवळा आहे, पण हे काय कारण झालं.

गोळी लागूही पडत नाही आणि सोसतही नाही, असं त्यांचं म्हणणं. सध्या गोळी बंद. लिव्हर जाग्यावर आलं तर सलाइनमधून जड औषध द्यायचं का, ते बघू म्हणाल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते सोसेल का विचारलं, तर त्यांनी रिपोर्टची घडी करून माझ्या हातात दिली. बाबा मात्र शर्टाची बटणं लावत बसले होते, जसं काही शेजाऱ्याचा रिपोर्ट आहे.

तू म्हणशील, सांगत होतो. म्हण. जानेवारीत तू त्या निसर्गोपचारवाल्याची भुकटी पाठवलीस, ती मी बेसिनमध्ये ओतली. दोन दिवस बेसिन हिरवं होतं. तरी तुझ्या मनाचं समाधान म्हणून सांगते, गोळ्यांत माझा हात नव्हता. त्या बाबाच बघत होते. अडतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते ते, आणि माझी शाळा चौथीत सुटली. त्या गोळीचं नाव मला वाचता येत नाही. त्यांना मी औषध शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पहिला आठवडा उलट्या झाल्या, मग थांबल्या. मला वाटलं, अंगाला मानवली.

काय करायचं ते लिही. तिकडची थंडी संपली असेल तर मफलर काढ आता.

भांडत असले तरी तुझीच,
ताई

७ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं. चष्म्याच्या भिंगाची कड घासत होतो, काच फुटली. गिऱ्हाइकाला सांगितलं, उद्या या. तो म्हणाला, उद्यापर्यंत मी चालू कसा. त्याला हात धरून बसस्टॉपवर सोडून आलो.

मी सांगत होतो असं म्हणणार नाही. पण ताई, औषध म्हणून विष द्यायचं आणि ते लागू पडलं नाही तर आणखी जड विष द्यायचं, हे कुठलं शास्त्र? आमच्या मालकांच्या सासूबाई त्या भुकटीवर उभ्या राहिल्या. त्यांचा आजार वेगळा होता हे मान्य, पण उभ्या राहिल्या ना. त्या उपचारकेंद्रात झाडं आहेत, ऊन आहे, सुया नाहीत. बाबांना इकडे घेऊन ये. माणूस आजारानं जायचा तर जाईल, आपल्या हातानं औषध देऊन कशाला घालवायचा?

लाँड्रीत तू सगळ्या बायकांना दमात ठेवतेस. हा आजार तुझ्या दमात येणारा नाही. एकदा तरी माझं ऐक.

मी घाबरलोय गं. बाकी काही नाही.

तुझा,
बारक्या

११ मार्च

बारक्या,

आज आशीर्वाद नाहीत. आधी वाच.

तुझं पत्र आलं आणि मी खरंच हरले. म्हटलं, माझं करून पाहिलं, आता तुझं. लाँड्रीतून रजा घेतली, बॅग काढली, त्यांचे कपडे भरायला घेतले. खालच्या खणात त्यांचा जुना पत्र्याचा डबा होता. औषधं त्यातच असतील म्हणून उघडला.

आत पुड्या होत्या. दवाखान्यात बांधायचे तशा, चारी कडा दुमडलेल्या, एकसारख्या, ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीवर तारीख. एक सोडली. आत अर्धी गोळी. दुसरी सोडली, अर्धी. ब्लेडनं कापलेली, कड इतकी सरळ की तुझ्या दुकानात कामाला ठेवशील. शेजारी खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीला डोसाच्या खाचा. बाटलीत हिरवी भुकटी.

भुकटी मी ओतली होती. माझ्या हातांनी ओतली होती. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय.

बाबांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की सत्तरीपुढच्या माणसाला निम्मा डोस, हा त्यांच्या डॉक्टरांचा नियम होता. या बाई तरुण आहेत, सरसकट सगळ्यांना एकच लिहितात, म्हणून त्यांनी आपला डोस आपणच बेतला. आणि उरलेल्या निम्म्यात तुझी भुकटी. लेक म्हणते हे घ्या, लेक म्हणतो ते घ्या, दोघांचं मन राखलं, असं म्हणाले. वर मलाच विचारलं, यात चुकलं काय.

भुकटीचा दुसरा डबा तू कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या पत्त्यावर पाठवलास, हेही त्यांनीच सांगितलं. आणि तिसराही. गेले मी न्हाव्याकडे. गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण तसाच ठेवून तो हात जोडून उभा राहिला. म्हणाला, त्यांनी शपथ घातली होती. तुम्हा पुरुषांना लपवाछपवी करायला बरी अक्कल येते.

पुड्या आणि बाटली घेऊन तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. रांग मोडून आत शिरले. त्यांनी सगळं टेबलावर मांडलं आणि अर्ध्या गोळ्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाल्या, अर्ध्या डोसानं हा रोग मरत नाही, निर्ढावतो. लिव्हर बहुतेक भुकटीनं बिघडलं असणार, पण बाटलीत काय आहे ते तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. आणि एक म्हणाल्या ते माझ्या कानात अजून आहे. म्हणाल्या, ज्या औषधाला आपण नापास केलं, ते यांनी घेतलंच नव्हतं.

कळलं का तुला? मी बॅग भरत होते.

तू फोन करू नकोस. आला तर मी काय बोलेन सांगता येत नाही.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं.

पहिला डबा तू ओतलास त्याच आठवड्यात बाबांचं कार्ड आलं होतं. पाठव, पण न्हाव्याच्या पत्त्यावर, ताईला त्रास नको, एवढंच होतं. मला केवढा आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी तुझ्यापेक्षा माझं ऐकलं असं वाटलं. गोळी ते अर्धी करत असतील हे स्वप्नातही आलं नाही. शपथेवर सांगतो.

काल त्या उपचारवाल्याकडे गेलो. भुकटीत काय काय आहे ते विचारलं. तो म्हणाला, घराण्याचं गुपित आहे. डोळे पिवळे झाल्याचं सांगितलं, तर म्हणाला, घाण बाहेर पडतेय, चांगली खूण आहे. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. बाबा चिठ्ठी लावल्याशिवाय एक बाटली दवाखान्याच्या खिडकीतून बाहेर देत नसत. आपण लहान असताना रिकाम्या बाटल्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावून खेळायचो. आणि मी त्यांना तीन डबे पाठवले, कशाचे ते न विचारता.

शिव्या दे, पण पत्र टाक. आता पुढं काय, तेवढं कळव.

तुझा,
बा.

३० मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांचं आहे. त्यांना फार वेळ लिहवत नाही, म्हणून ते सांगतायत आणि मी लिहितेय.

माझी प्रकृती बरी आहे. डोळे निवळले. भुकटीत काहीतरी धातू निघाला, नाव डॉक्टरांनी सांगितलं, ताईला लिहिता येणार नाही म्हणून सोडून देतो. परवा दोन्ही वाटा त्यांनी मला समोर बसवून सांगितल्या. गोळी आता पूर्ण घेतली तर लागू पडेल किंवा पडणार नाही, तीन महिन्यांत कळेल. घ्यायची नसेल तर तसंही सांगा, जबरदस्ती नाही. ताईनंही तेच विचारलं. या चार महिन्यांत तुम्ही दोघं माझ्यावरून भांडलात, पण मला काय हवं हे विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी दोन दिवस मागून घेतले.

सत्तरीपुढे निम्मा डोस हा नियम खरा आहे, पण तो खोकल्याच्या औषधाचा. कॅन्सरच्या गोळीचा नाही, एवढं मला कळतं. ताईला मी खोटं सांगितलं.

पहिल्या आठवड्यात पूर्ण गोळी घेत होतो. उलट्या व्हायच्या, अंथरूण घाण व्हायचं. ताई पहाटे उठून चादरी धुवायची आणि मग लाँड्रीत जाऊन दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करायची. सहाव्या दिवशी ती मनगटाला फडकं बांधून घरी आली. विचारलं तर म्हणाली, तव्याचा चटका. मी अडतीस वर्षं भाजलेल्या माणसांना पट्ट्या बांधल्या, इस्त्रीचा चटका ओळखतो. उभ्या उभ्या डोळा लागला असणार. दुसऱ्या दिवशी गोळी अर्धी केली. उलटी झाली नाही. ताईला झोप मिळाली. तुझी भुकटी घेतली ती तुझ्यासाठी, गोळी कापली ती हिच्यासाठी.

हे मला, तुझ्या ताईला, आत्ता कळतंय, बारक्या. ते सांगतायत आणि मी लिहितेय. मी थांबले, तर म्हणतात, लिही, माझं संपलं नाही.

मला गोळी घ्यायची आहे. पूर्ण. मला जगायचं आहे, हे सांगायला लाज वाटत होती, कारण त्याची किंमत ही मुलगी भरत होती. तेव्हा माझी एक अट आहे. बारक्यानं पहिला महिना इथं येऊन राहावं. भिंगं मालक घासतील. गोळी सोमवारी सुरू करणार आहे, रविवारी तू आला नाहीस तर करणार नाही.

तुम्हा दोघांचे,
बाबा

ता. क. हे माझं. मनगट केव्हाच बरं झालं. चटका तव्याचाच होता असं अजून सांगितलं असतं, पण लिहून बसले. रविवारी ये. घरात चादरी चारच आहेत, येताना दोन आण. सुती आण, लवकर वाळतात.

ताई