सहा फाऊल, एक मेहुणा

२ मे. सकाळ.
परवापासून सेमीफायनल. सातपैकी चार मॅच जिंकल्या की फायनल. चौदा वर्षं प्रोफेशनल बास्केटबॉल खेळतोय, पण फायनल फक्त टीव्हीवर पाहिली. यंदाची संधी शेवटची, असं गुडघे म्हणतात. कोचही म्हणतात, पण मी गुडघ्यांवर जास्त विश्वास ठेवतो.
ही वही क्लबच्या मनाच्या डॉक्टरबाईंनी दिली. राग आला की एक ते दहा मोजायचं, मग वहीत लिहायचं. कोणी वाचणार नाही म्हणाल्या. मुळात मला राग येतच नाही. मी तत्त्वाचा माणूस. लोक तत्त्वाच्या आडवे येतात आणि त्यांना लागतं.
संकल्प: या सिरीजमध्ये कोणालाही मारायचं नाही.

२ मे. दुपार.
प्रॅक्टिसमध्ये आपल्याच एकाची बरगडी गेली. कोपराच्या वाटेत आला. प्रॅक्टिस धरायची नाही. संकल्प परवापासून.

३ मे.
कोचनी मीटिंग घेतली. लहान पोरांना सांगावं तसे नियम सांगितले. एक: सहा फाऊल झाले की खेळाडू मॅचमधून बाद. हे माझ्याकडे बघून. दोन: मैदानात मारामारी झाली तर बाकावरच्यांनी बाकावरच बसायचं. जो उठून मैदानात जाईल तो पुढची मॅच बाहेर, मग तो मारायला गेलेला असो की सोडवायला. हेही माझ्याकडे बघून. मारामारी झाली की असिस्टंट कोच हात पसरून बाकासमोर उभा राहणार. तेवढ्यासाठी त्याला ठेवलाय की काय कोण जाणे.
नियम चांगला आहे. ज्यांचा स्वतःवर ताबा नाही त्यांच्यासाठी.

३ मे. संध्याकाळ.
समोरच्या टीममध्ये माझा सख्खा मेहुणा आहे, बायकोचा धाकटा भाऊ. सहा फूट दहा इंच, एकशे वीस किलो. पब्लिक त्याला कपाट म्हणतं. मला कोपर म्हणतं. प्रेमाने.
बायको दातांची डॉक्टर. कपाटाचे वरचे पुढचे दोन दात तिने स्वतः बसवलेत. आधीचे दोन माझ्यामुळे गेले असं सासरी बोललं जातं. आज जेवताना म्हणाली, त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. बरं म्हणालो. म्हणाली, कोपरसुद्धा हातातच धरलं जाईल. घरच्या माणसाचाही विश्वास नाही.

४ मे.
पहिली मॅच जिंकलो! मी खेळलो नाही. कोच मला राखून ठेवतायत, कारण हुकमाचं पान कोणी पहिल्याच डावात टाकत नाही. पण बाकावरून कपाटाकडे असं काही पाहिलं की फाऊलबद्दल मिळालेले त्याचे तीन फ्री थ्रो, समोर अडवायला कोणी नसतानाही, हुकले. पेपरात सगळं श्रेय आमच्या हिऱ्याला. हिरा म्हणजे आमचा स्टार, चोवीस वर्षांचा, केसांना काहीतरी लावतो. चौतीस पॉइंट केले खरे. पण नजर कोणाची होती?

६ मे.
हरलो. नऊ मिनिटं खेळलो, पाच फाऊल.
सविस्तर लिहून ठेवतो. पहिल्याच मिनिटाला कपाटाने माझ्या पायावर पाय दिला. वर, सॉरी हं भावजी. मोजायला लागलो. चारपर्यंत आलो. चारला माझं कोपर त्याच्या पोटात गेलं. त्याने माझी मान काखेत धरली. मी चावलो असं रेफरी म्हणतो. माझं तोंड उघडं होतं, त्यात त्याचा दंड आला. रेफरीने नाकाने कांदे सोलायची गरज नव्हती.
भुवईला चार टाके. टाके घालत असताना बाहेर टाळ्या ऐकू आल्या. सासूबाई कपाटाच्या टीमचा निळा टी-शर्ट घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.
संकल्प: उद्यापासून पाचपर्यंत तरी मोजायचं.

९ मे.
तिसरी मॅच. हरलो. दोघं एकाच बॉलसाठी उडालो, खाली येताना त्याचं तोंड आणि माझं कोपर एकाच वेळी तिथे पोचलं. मग त्याचं डोकं आणि माझं तोंड. रक्त पुसायला दोन माणसं आली, त्यातला एक घसरून पडला. मला सहावा फाऊल. बाहेर जाताना जमिनीवर एक दात दिसला. शॉर्ट्सला खिसा नसतो, म्हणून मोज्यात ठेवला. बायको दातांची डॉक्टर, घरचंच काम.
घरी आलो. ती दारातच हात पुढे करून उभी. मोठ्या मनाने दात दिला. म्हटलं, घे, तुझ्या भावाचा आहे. तिने उजेडात धरून पाहिला. म्हणाली, हा तुमचा आहे, त्याने स्वतःचे दोन्ही गिळले. आरशात पाहिलं. खरंच.
आपलेच दात, आपलेच ओठ, असं काहीसं मी म्हणालो. नीट म्हणता आलं नाही, स ला हवा जाते.

१० मे.
दुपारी बायकोचा दवाखाना. वेटिंग रूममध्ये कपाट आधीच बसलेला. भावजी बसा म्हणाला. त्या बसा म्हणण्यात काहीतरी होतं. तीनपर्यंत मोजलं.
वेटिंग रूममधलं काचेचं टीपॉय फुटलं. कोणी फोडलं सांगता येत नाही, पडलो दोघंही होतो. एक म्हातारे पेशंट दाढ दुखायची थांबली म्हणून निघून गेले.
बायकोने आधी भावाला घेतलं. पाऊण तास. भुलीचं इंजेक्शन, गालावर हात, सगळं. मग मला. इंजेक्शन संपलं म्हणाली. खुर्चीचे दोन्ही हात उपटून आले. ती म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी काही बोलू शकलो नाही, तोंडात तिची पकड होती.

१२ मे.
चौथी जिंकलो! दोन-दोन!
मी पन्नास सेकंद खेळलो. कपाट नवे दात दाखवून हसला. दोनपर्यंत मोजलं. मग फक्त ढकललं, छातीला, दोन्ही हातांनी. स्कोअर लिहिणाऱ्यांचं टेबल मागे होतं, ते त्याच्यासकट गेलं. मला थेट बाहेर काढलं. टेबल आणायला वीस मिनिटं लागली, तेवढ्यात आमच्या टीमला विश्रांती मिळाली आणि मग आम्ही तुफान खेळलो. पाया मी रचला. इमारतीचा फोटो सगळे काढतात, पायाचा कोण काढतो?
ड्रेसिंग रूमच्या दाराला लाथ घातली, आनंदाने. दार लोखंडी निघालं. अंगठ्याचं नख गेलं.

१४ मे.
पाचवी हरलो, आठ पॉइंटनी. सात मिनिटांत सहा फाऊल, हा म्हणे क्लबचा रेकॉर्ड. माझ्या फाऊलवर त्यांना जे फ्री थ्रो मिळाले त्यांचेच नऊ पॉइंट झाले, असं आमचा आकडेवाला सांगत आला. कागद नाकासमोर धरून दाखवला: मी खेळलो की हरतो, मी बाहेर असलो की जिंकतो. त्याला समजावलं की आयुष्यात योगायोग असतात. त्याचा चष्मा फुटला, हाही योगायोगच.
आता दोन-तीन. अजून एक हरलो की संपलं. चौदा वर्षं संपली. हे लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. राग नाही हा. हा काय आहे ते माहीत नाही.

१६ मे.
मनाच्या डॉक्टरबाईंकडे. किती मोजता विचारलं. खोटं कशाला बोलू? सात म्हणालो. खूश झाल्या. म्हणाल्या, लोक तुम्हाला घाबरून बाजूला होतात, तुमच्या मागे कोणी येत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटतं का? मी म्हणालो, मुळीच नाही. पेन मोडलं. त्यांचं होतं.
संकल्प: उद्या शांतिदूत व्हायचं.

१७ मे.
जिंकलो! तीन-तीन! सगळं बाकावरून शांतपणे पाहिलं. चाळीस सेकंद बाकी, आम्ही अकराने पुढे. तेव्हा कपाटाने हिऱ्याला उचलून आपटलं. हिरा उठला आणि त्याने कपाटाच्या तोंडावर बॉल मारला. कपाटाने ठोसा मारला. त्यात हिऱ्याचे केस पहिल्यांदा विस्कटलेले पाहिले.
मी एक म्हणालो आणि उठलो. भांडण सोडवायला! असिस्टंट हात पसरून समोर आला. बाजूला हो म्हणालो. तो होईना. त्याच्या खांद्याचं हाड मुळातच नाजूक असणार.
आणि मग ते झालं. मागे वळून पाहिलं तर बाकावरचे चार जण माझ्या पाठोपाठ धावत होते. चौदा वर्षांत माझ्या मागे कोणी आलं नव्हतं. मी मागेच बघत धावलो. समोरून त्यांचे पाच-सहा येत होते, ते नीट दिसलेच नाहीत.
पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. कोणाचा तरी गुडघा. कोणाचा तरी कान, माझ्या मुठीत. मी कपाटाला मागून मिठी मारली होती, सोडवण्यासाठीच, पण तो निळा पडायला लागला. एक बुक्का डोळ्यावर आला. कोणी मारला हे बघण्यात वेळ न घालवता जवळ होता त्याला परत केला. तो फोटोग्राफर होता.
ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

१८ मे.
लीगचा निर्णय आला. बाक सोडला म्हणून मी आणि माझ्या मागचे चौघं सातव्या मॅचला बाहेर. हिऱ्याला दंडावर सोडलं. कपाट बाहेर, सुरुवात त्याने केली म्हणून. त्यांच्या बाकावरचेही बाहेर. बारातले सात उरले आमचे.
कोचचा फोन. ओरडले नाहीत, तेच वाईट. मी काय सांगितलं होतं, एवढंच विचारलं. म्हटलं, मी सोडवायला गेलो होतो. फोन ठेव म्हणाले. ठेवला. भिंतीवर. चार तुकडे झाले.

२० मे. सकाळ.
आज सातवी. सातजण काय दिवे लावणार? मग कळेल सगळ्यांना, टीम कोणामुळे उभी होती.
नाही, आम्ही हरावं असं मला अजिबात वाटत नाही. फक्त माझ्याशिवाय जिंकू नये.

२० मे. संध्याकाळ.
बायकोने कपाटाला आमच्याकडेच बोलावलं. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर हवेत, म्हणाली. एकच सोफा. ती मध्ये, रिमोट तिच्या हातात.
असली मॅच मी पाहिलेली नाही. धक्का नाही, शिवी नाही. पास, पास, शॉट. समोरचा पडला तर हात देऊन उठवत होते. रेफरीने शिट्टी कशाला आणली होती कळेना. मी आणि कपाट गप्प बसून पाहत होतो. खरं सांगायचं तर फार सुंदर खेळत होते. मला रडू येत होतं.
कपाट म्हणाला, भावजी, आपण नसलो की किती बरं खेळतात हो.
चारपर्यंत मोजलं, गिळलं. प्रगती आहे.
अठ्ठ्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. दहा सेकंद. बॉल हिऱ्याकडे. कपाट उठून थेट टीव्हीसमोर उभा राहिला. बस म्हणालो. बसेना. सरक म्हणालो. टेन्शन आलंय म्हणाला. बायको ओरडली, अहो! तोवर मूठ निघाली होती. कपाट आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सरकला. मागे टीव्ही होता.
अंधार. जळका वास. वरच्या मजल्यावरचे जोरात ओरडले. ते कोणत्या टीमचे हे मी कधी विचारलंच नव्हतं.
हॉस्पिटलला कपाटाने नेलं. माझा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळला होता त्याने. गाडीत रेडिओवर कळलं, हिऱ्याचा शॉट शेवटच्या सेकंदाला आत गेला. आम्ही फायनलमध्ये. तो रडला. मीही रडलो. तो हरल्यामुळे. मी कशामुळे, ते लिहीत नाही.

२१ मे.
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची तीन हाडं. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत. सहा आठवडे. कोपर तेवढं मोकळं ठेवा म्हटलं तर हाडांचे डॉक्टर हसले.
माझा फोन फुटलेला, म्हणून कोचनी बायकोच्या फोनवर केला. आवाज गोड. फायनलला समोर सात फूट दोन इंचाचा सेंटर आहे, म्हणाले. तो बास्केटखाली पोचला की अडवता येत नाही, पण फ्री थ्रो त्याला येत नाहीत, दहातले दोन जातात. म्हणजे तो पोचायच्या आधीच फाऊल करायचा, दर वेळी. असा माणूस पाहिजे जो आत जाईल, जोरात सहा फाऊल करेल आणि बाहेर येईल. अख्ख्या लीगमध्ये तुझ्यासारखा दुसरा नाही. तुझी बंदी कालच संपली. तुझी गरज आहे.
गरज. चौदा वर्षांत पहिल्यांदा.
फायनल चार दिवसांवर. तोवर घरी स्वस्थ बस, हात तेवढे सांभाळ, म्हणाले.
बायको समोर उभी होती. माझ्याकडे बघून तिनेच फोन घेतला आणि त्यांना प्लास्टरचं सांगितलं. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.
मग मी मोजायला बसलो. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा.
झाले दहा. लिहूनही झालं. पुढे काय करायचं ते डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नाही.