आईचे सुकतळे

माले, ता. मुळशी

प्रिय सोने,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून दादाला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. पण तुझा फोन आला की आई माझ्याआधी झडप घालते, स्पीकर लावते, आणि मग आई, आबा, मी आणि बोलावलेली नसली तरी शेजारची चंद्राबाई, असे सगळे मिळून तुझ्याशी बोलतो. त्यात खासगी काय बोलणार? आणि मला बोलायचंय ते आईबद्दलच. शीतगृहातला आपला साहिल सोमवारी हिंजवडीला येतोय, त्याच्याबरोबर तुझे स्पितीच्या सायकलवारीचे बर्फाचे बूट पाठवतोय. पत्र उजव्या बुटात खुपसलंय. बूट पायात घालण्याआधी पूर्ण वाच. तुझी सवय मला माहीत आहे, पहिली ओळ वाचायची आणि शेवटावर उडी मारायची.

आधी बुटांची खुशाली. दिवाळीला तू ते इथे ठेवून गेलीस तेव्हापासून ते घरात पाहुण्यासारखे राहिलेत. आबांनी त्यांना ओसरीवर स्वतःच्या वहाणांशेजारी जागा दिली. रोज एकदा तरी उचलून बघतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "दोन मापं मोठं घेतलंय. पोरगी अजून वाढत्या वयाची हाय व्हय?" मी त्यांना समजावायचं सोडून दिलंय. खरं सांगायचं तर पुण्याच्या त्या दुकानात मलाही तसंच वाटलं होतं. तू मुद्दाम संध्याकाळी नेलंस, का तर दिवसभरानं पाय फुगलेले असतात आणि माप तेव्हाचं खरं. पिशवीतून स्वतःचे मोजे काढलेस, आधी पातळ, वर लोकरीचे जाड. दुकानातला माणूस बिचारा एकेक बूट काढून सांगत होता, मॅडम, पाण्याचा थेंब शिरणार नाही. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. आपल्याकडचं गिऱ्हाईक दुसरं काय विचारतं? मुळशीत पायाला एकच शत्रू माहीत, पाऊस. त्याला उत्तरही एकच, गमबूट. तू त्याला म्हणालीस, "बाहेरचं पाणी नाही हो, मला आतल्या घामाची काळजी आहे." तो माझ्याकडे बघायला लागला, आणि मी छताकडे. मग बूट घालून तू आत बोटं हलवत बसलीस, इतका वेळ की त्यानं शेवटी विचारलं, "काही टोचतंय का?" तू म्हणालीस, "नाही, नाचतायत." आणि तोच जोड घेतलास.

परत येताना एसटीत तू मला सगळं समजावून सांगितलंस ते अजून डोक्यात आहे. ऊब बुटाची नसते, आपल्याच पायाची असते, बूट फक्त ती धरून ठेवतो. त्यासाठी आत मोकळी हवा पाहिजे आणि बोटांपर्यंत रक्त पोचायला पाहिजे. चालणाऱ्याचा पाय वाकतो, दबतो, तापतो. सायकलवाल्याचा पाय मात्र वाऱ्यात नुसता गोल फिरत राहतो, म्हणून आधी तोच गारठतो. लोखंडी पायडल बुटाची ऊब ओढून घेतं म्हणून तू प्लास्टिकचं बसवलंस. आतला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, बूट वेगळा निघतो तो का, तर तो रात्री पांघरुणात घेऊन झोपायचा, म्हणजे सकाळी कोरडा. आणि पातळ मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर जाड मोजा, म्हणजे घाम पिशवीच्या आतच राहतो आणि जाड मोजा कोरडा. आम्ही पावसात पिशवी वरून बांधतो, तू आतून बांधतेस. ऐकताना मला वाटलं, ही पोरगी शाळेत भूगोलात काठावर पास झाली होती ती हीच का?

सोने, तोंडावर मी तुझी खेचतोच, म्हणून लिहून सांगतो. मला तुझं लई कौतुक आहे. शाळेतून मिळालेल्या सायकलीवर तू माल्याहून पौडला जायचीस तेव्हा मी मागच्या कॅरिअरवर बसून फुकट प्रवास केलाय, आणि चढ आला की उतरण्याचंही सौजन्य दाखवलं नाही. आज हिंजवडीत कंपनीच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि तू सायकलवरून कडेनं निघून जातेस, हे साहिल इथे येऊन आमच्या पारावर सांगतो, तेव्हा मी उगाच खाली बघून तंबाखू मळतो. आपल्या घराला चालणं नवीन नाही. आबांनी मेंढरांमागं घाट उतरून आणि चढून उभा जन्म काढला. पण ते पोटासाठी. निव्वळ हौसेनं घराबाहेर पडलेली आपल्या सात पिढ्यांतली तू पहिली. लोक म्हणतात, पोरीला एवढ्या थंडीत काय मरायला जायचंय? आई त्यांना म्हणते, "तिला बघायचंय, बघू द्या की." तिला स्पिती कुठे आहे ठाऊक नाही. उत्तरेला, देवाच्या वाटेवर, एवढंच सांगते सगळ्यांना.

आणि इथेच सगळा घोटाळा आहे. धनगराच्या बाईला पोरगी थंडीच्या मुलखात जाते म्हटल्यावर एकच गोष्ट सुचणार, लोकर. गेल्या साली तिनं घोंगडं कापून, दुमडून, दाभणानं टाचून तुझ्या बुटांत घालायला सुकतळे केले. आपल्याच मेंढ्यांची लोकर. तू बूट नेमके मापाचे घेतले होतेस, त्यात दोन मोजे, त्यात ते जाडजूड सुकतळे. पाय असा आवळला गेला की स्पितीच्या वाटेवर, नाको गावाच्या पुढे तुझी बोटं पांढरी पडली. दुखायचंही थांबलं होतं, म्हणालीस, आणि तेच भ्यायचं लक्षण. तिथल्या एका बाईनं तुला घरात घेतलं, शेकोटीजवळ जाऊ दिलं नाही, कोमट पाण्यात पाय धरून बसवलं, म्हणून बोटं राहिली. हे तू मला रडत सांगितलंस आणि शपथ घातलीस. आईला काय सांगितलंस? "आई, लई ऊब हाय तुझ्या सुकतळ्यांत." आणि नखं गेली ती पायडल लागून, असंही सांगितलंस. झालं! आईनं ते अख्ख्या माल्यात सांगितलं. पोरगी बर्फातून परत आली ती माझ्या घोंगड्यामुळं. या वर्षी तिनं दुप्पट जाड केले.

बरं, आता शंकेला जागा उरली असंही नाही. साहिल कामाला आहे त्या शीतगृहात, गोठवलेल्या मटारांच्या थप्प्यांमध्ये तू स्टँडवर सायकल लावून पायडल मारत बसलीस, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. हमाल काम टाकून बघत होते. एकानं मला हळूच विचारलं, "बाईंचं काय नवस-बिवस हाय का?" डाव्या बुटात आईचा सुकतळा, उजव्या बुटात नाही. अंगात वारं आल्यासारखा मीच काकडत दारात उभा. डावा पाय आधी बधिर झाला आणि उजवा शेवटपर्यंत ऊन राहिला. बाहेर उन्हात येऊन तू बूट काढलास, सुकतळा हातात घेतलास आणि त्यावरून बोट फिरवत बसलीस. म्हणालीस, "दादा, कळलं ना आता. पण तिला नको सांगू." दोन मापं मोठा बूट आणलास तोही त्यात आईचं घोंगडं मावावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. आणि मावत नव्हतंच. तिनं ते इतकं जाड केलं होतं की मोठा बूटही पुरेना.

 तू म्हणतेस, घरून घालून निघेन आणि पुढे काढून टाकीन. गेल्या सालीही हेच म्हणाली होतीस. पण मी तुला ओळखतो. एखाद्या खिंडीत एकटी असशील, वारं सुटलेलं असेल, आईची आठवण येईल, आणि तू ते सुकतळे काढणार नाहीस. कोंबून घालशील. एकदा बोटं वाचली, दुसऱ्यांदा वाचतीलच असं कुणी लिहून दिलंय? आईला सांगावं तर तुझी शपथ मोडते आणि तिचं मन मोडतं. न सांगावं तर तुझे पाय. महिनाभर मी जेवताना तिच्याकडे बघायचो आणि भाकरी तशीच चघळत राहायचो.

आता खरी बातमी ऐक. गेल्या आठवड्यात सकाळी मेंढरं सोडायला उठलो तर वाघर, मेंढरांभोवतीची जाळी, रिकामी. आई आधीच मेंढरं घेऊन गेलेली. माळावर गेलो तर काय बघतो, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर टॉवेल, हातात काठी आणि पायात तुझे बर्फाचे बूट! मेंढरंसुद्धा बिचकून लांब चालत होती. मी हसत सुटलो. ती हसली नाही. बांधावर बसली, बूट काढले, सुकतळे बाहेर काढले आणि पायातले मोजे तसेच ठेवून पुन्हा बूट घालून एक फेरी मारून आली. तुमच्या दोघींचं पाऊल एका मापाचं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग म्हणाली, "दिवाळीला तिच्या पायाला त्याल लावताना बोटं बघितली म्या. पायडलानं दोन्ही पायाची नखं जात्यात व्हय? कोकराचा पाय मोडल्यावर फडकं लई आवळून बांधलं की खालचा पाय गार पडतोय, ही अक्कल मला हाय. हितं का सुचली न्हाई?"  ती स्वतःच्या पायाची बोटं चोळत बसली. पुढे एवढंच म्हणाली, "समदी बोटं वाचली का रं तिची?" मी म्हटलं, वाचली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मेंढरांना हाळी दिली. सोने, आपल्या घरात शहाणी तू एकटीच, असं मी समजत होतो. आता त्यात एकीची भर.

तर हे पत्र आईनंच लिहायला लावलंय. फक्त तिनं सांगितलं होतं ते वेगळं. "तिला लिव्ह, सुकतळं उंदरानं खाल्लं, या वर्साला तशीच जा. मला कळलंय म्हणून सांगू नगंस, पोरीला वंगाळ वाटंल." तू तिच्यासाठी खोटं बोलायचीस, ती तुझ्यासाठी, आणि मधल्या मधे मी दोन्हीकडची पोस्ट टाकत फिरायचं. मी नाही लिहिणार उंदीर. आणि लिहिला तरी तुला पटायचा नाही, कारण बुटांबरोबर पिशवीत घोंगड्याचा एक चौकोन आहे, त्यावर तेच दोन सुकतळे शेजारी शेजारी टाचलेत. उंदीर शिवणकाम शिकलेला दिसतोय. पिशवी बांधताना आई म्हणाली, बर्फात मोजं बदलताना उघड्या पायानं कुठं उभी राहील ती, खाली टाकायला होईल. तेव्हा बूट रिकामे आहेत, मोकळे आहेत, बोटं नाचव. पहिल्या मुक्कामाला तो चौकोन बर्फावर टाक, त्यावर दोन्ही पाय ठेव आणि आईला फोन लाव. उंदराला दोन शिव्या घाल, तिला बरं वाटेल. मग सांग, आई, लई ऊब हाय. या खेपेला ते खरं असेल.

तुझाच,
कॅरिअरवरचा दादा,
मल्हार