डावीकडचा आवाज

रवि. ११ जाने. २००४, सिंदी मेघे
सेलूहून बाबांचा जपानी स्टिरिओ रेडिओ घेऊन आले. धाकटा भाऊ सुरेश घर रंगवतोय, म्हणून माळा रिकामा केला. भंगाराच्या ढिगात वर हाच ठेवलेला. मी म्हटलं, मला दे.
"ताई, बाबा होते तवाच मेला तो. काय करशीन नेऊन?"
काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं. एसटीत मांडीवर घेऊन बसले, पाय पार बधिर. स्पीकर तो मोटरसायकलवर आणून देणार आहे.
सेवाग्रामहून मायदेशी परत जाणाऱ्या एका फॉरेनच्या डॉक्टरांकडून बाबांनी तो घेतला होता. एवढ्या मोठ्या सेटवर ऐकायचे काय, तर भाजीचे बाजारभाव. आम्हा पोरांना हात लावायची बंदी.

१३ जाने.
वर्ध्याला मेकॅनिककडे नेला. त्याने झाकणही उघडलं नाही. "याचे पार्ट भेटत नाई बाई. लाकडी बॉक्स चांगला हाय, तेवढा ठेवा." ह्यांनीही मान डोलावली. दुकानातून परत येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही.
शिवणकामाच्या टेबलावर ठेवलाय. ब्लाउजचे कपडे खाटेवर.

१५ जाने.
शेजारचे बाबतकर काका टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेत. सहज विचारलं. चष्मा घेऊनच आले. हात थरथरतात त्यांचे, स्क्रू धरवत नाही. म्हणाले, "बेटा, डोकं माह्यं, हात तुह्ये. चालते काय?"
चालते.
झाकण काढलं. आत धूळ, एक मेलेली पाल, आणि तारा दोऱ्यांनी किती व्यवस्थित बांधलेल्या. कोणीतरी परदेशात बसून इतक्या निगुतीनं दोरे बांधले होते. बघतच राहिले.
पहिला धडा: प्लग काढला तरी मोठ्या कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. आधी तो उतरवायचा, मग बोट घालायचं. काकांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

१९ जाने.
सिरीज बल्ब केला. म्हणजे सेटच्या वाटेत शंभरचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि सेट वाचतो. फ्यूज उडालेला होता, नवीन टाकला. चालू केलं. बल्ब भक्क.
हे दारातून बघत होते. "घर जाळून टाकशीन एखाद्या दिवशी." रागाने नाही, भीतीने म्हणाले. मी बल्ब कशासाठी असतो ते समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, पण बटणाजवळून हलले नाहीत.

२३ जाने.
काकांचा मीटर वापरायला शिकले. डाव्या बाजूचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेलेत. उजव्या बाजूचे ठीक. म्हणजे अर्धा सेट जिवंत आहे. काका म्हणाले निष्कर्ष बरोबर. शाळेत असताना विज्ञानात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

शनि. ३१ जाने.
ह्यांच्यासोबत नागपूर. सीताबर्डीत पार्टची दुकानं. गल्ल्यावरचा माणूस आधी ह्यांच्याशीच बोलत होता. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यांले विचारा, मी फक्त पिशवी धरतो." मग माझ्याशी बोलला. तेच ट्रान्झिस्टर नाहीत, जागेवर बसतील असे दुसरे दिले. कॅपॅसिटरही घेतले, जुने वरून फुगलेत.
ह्यांचं ते वाक्य परतीच्या बसमध्ये पुन्हा पुन्हा आठवून हसू येत होतं.

४ फेब्रु.
डाग द्यायची, म्हणजे सोल्डरने जोड द्यायची, सवय व्हावी म्हणून काकांच्या जुन्या फोनच्या पट्टीवर हात फिरवला. पहिले डाग म्हणजे मेणबत्तीचे थेंब. बोट भाजलं. मग कळलं, आधी जागा तापवायची, मग सोल्डर लावायचं. घाई करायची नाही. शेवटचे पाच-सहा चकचकीत आले. काकांनी भिंग लावून पाहिले, मग पट्टी खिशात टाकली. म्हणे काकूंना दाखवतो.

१२ फेब्रु.
कॅपॅसिटर बदलले. बोर्डावरची एक तांब्याची पट्टी उखडली, तिथे तार टाकून जोडली. दिसायला गबाळं, पण मीटर म्हणतो ठीक.
डायलचा दोरा तुटलेला होता म्हणून सुई सरकत नव्हती. पाच चाकांवरून तो ओढून घ्यायचा असतो. इथे काकांनी हात टेकले. मी जाड नायलॉन दोरा घेतला, ओवला, ताण बघून गाठ मारली. एकाच खेपेत. दोऱ्याचं मला कोणी शिकवायला नको.

१८ फेब्रु.
काका मुलीकडे अमरावतीला. थांबायला हवं होतं, थांबले नाही. ट्रान्झिस्टर बसवले, बल्ब लावून चालू केलं. भक्क.
रडूच आलं. मग चहा केला, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक बघितलं. उजवीकडच्या ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची पातळ चकती आहे. डावीकडे मी ती लावलीच नव्हती, जुने काढताना डबीत ठेवली ती तिथेच राहिली. धातूला धातू लागला होता. चकत्या घालून बसवले, सुरेशने आणून दिलेले दोन्ही स्पीकर जोडले.
बल्ब क्षणभर पेटला आणि विझत विझत मंद झाला.
डायल उजळला. निळसर हिरवा. आधी खरखर, मग नागपूर स्टेशन. डावीकडे कान लावला, उजवीकडे लावला. दोन्हीकडून.
एकटीच होते घरात. कोणाला तरी सांगावं म्हणून हे येईपर्यंत दारात उभी राहिले.

२१ फेब्रु.
काका आले, ऐकलं, झाकण उघडायला लावलं. चकतीची गोष्ट सांगितली. "मी असतो तर मीच सांगून टाकलं असतं," म्हणाले, "बरं झालं नव्हतो." उरलेलं सगळं सोल्डर माझ्याकडे ठेवून गेले.
आवाजाचं बटण फिरवताना अजून खरखरतं. ते साफ करायचंय.

२६ फेब्रु.
सुरेशचा फोन. मी फोन सेटजवळ धरून ऐकवलं. मग म्हणाला, "ताई, आई म्हणून राह्यली का सेट घरी पाहिजे. बाबाची वस्तू हाय."
भंगारात टाकताना कुणाची होती, हे ओठावर आलं. आई मागतेय म्हटल्यावर गिळलं. विचार करते म्हटलं.

५ मार्च
हे म्हणतात देऊ नको, मेहनत तुझी. काका म्हणतात माय ती माय. दोघांचंही पटतं. काम सुचत नाहीये, दोन ब्लाउज उसवले.

रवि. ७ मार्च
सुरेश आईला घेऊन आला. आई सरळ सेटसमोर जाऊन बसली.
"कोणाकडून करवला वं?"
"मीच केला."
"खरं सांग."
खरं कसं सांगायचं असतं? प्लग काढला, करंट उतरवला, झाकण उघडून दाखवलं. हे जुनं, हे मी बसवलेलं, हा माझा दोरा, ही उखडलेली पट्टी. आईने चष्मा लावून वाकून पाहिलं, एकेका डागावरून नजर फिरवली. सुरेशही मागून बघत होता.
"तुह्या बाबानं आतून कधी पाह्यलाच नाई," आई म्हणाली. मग, "बंद पडला तर सेलूले कोण पाहीन याले?"
"मीच येईन."
"अन् नाई नेला तर मी इथं येऊ काय ऐकाले?"
झाकण लावलं, सेट चालू केला. आईने स्वतः सुई फिरवून स्टेशन धरलं, आवाज वाढवला. सुरेशने सेट बांधून न्यायला गाडीतून दोरी आणली होती, ती खुर्चीवर ठेवून तोही खाली बसला. जेवायला उशीर झाला, पण कोणी उठलं नाही.