मुन्नारच्या घाटातून माघारी

अलेप्पी,
१० डिसेंबर २०२४

ती. गिरजाताईस,

मंजुषाचा नमस्कार. इतक्या लांबून पाया पडते आहे, आशीर्वाद पोचायला वेळ लागेल, पण तू दे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं वाचताना डोळ्यांना पाणी येतं, म्हणून हॉटेलातून कागद मागून घेतला. जऊळक्याला पत्र पोचेल तेव्हा मी कदाचित घरीही आले असेन. तरी लिहिते. नाहीतर इथे हातांना काही कामच नाही.

गाड्या बदलत बदलत एर्नाकुलमला उतरलो आणि तिथून बसने इकडे. आम्ही सगळ्या बायाच. मालेगावच्या बचत गटातल्या, शिवाय दोघी-तिघी वाशिमच्या. माझ्या खोलीत सुचिता आहे, ब्लाऊज शिवते ती, तू तिला पाहिलं आहेस. आमचा सगळा घोळका सांभाळायला हरीओम नावाचा टूरवाला मुलगा आहे, वाशिमचाच. सगळ्यांना काकू म्हणतो आणि कोणाचं ऐकत नाही.

काल दिवसभर हाऊसबोटीत होतो. ताई, ती नाव नाहीच, पाण्यावरचं घर आहे. आत पलंग, आरसा, मागे स्वयंपाकघर. पाणी असं संथ की नाव चालली आहे की काठावरची नारळाची झाडं चालली आहेत ते कळत नाही. दोन्ही बाजूंना माणसांची घरं, प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या आपल्या आपल्या पायऱ्या. एक बाई पायरीवर बसून पातेलं घासत होती. एवढ्या नावा गेल्या, तिने मान वर केली नाही. आपल्या दारावरून बस जाते तशी तिच्या दारावरून आम्ही गेलो.

आणि धानाची शेतं पाण्याच्या खाली! वर पाणी, मधे बांध, खाली शेत. मी हरीओमला विचारलं, बांध फुटला तर? तो म्हणाला, "काकू, तुमी फिरायले आल्या का पाहनी करायले?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ध्यान त्या बांधावरच राहिलं.

मला बसवत नाही गं. सगळ्या खुर्च्यांवर पाय पसरून बसल्या आणि मी दोनदा मागे जाऊन स्वयंपाक करणाऱ्याकडे कांदा चिरायला मागितला. सुचिताने हात धरून बाहेर आणलं. जेवणात सगळीकडे खोबरेल तेल. डोक्याला लावायचं तेल पोटात घालतात असं सगळ्यांचं मत झालं. संध्याकाळपर्यंत माझा ठेचा अर्धा संपला.

घरी ठीक आहे. संगीता सगळं करते. सून म्हणून नाही, पण पोरगी कामाची आहे. पवनच्या बाबांचं जेवण, औषध, मालिश, सगळं तिला दाखवून आले. तेही ठीक आहेत.

उद्या मुन्नारकडे निघायचं.

तुझी,
मंजुषा


ठेकडी,
१३ डिसेंबर

ती. ताईस,

बसमध्ये सुरू केलेलं पत्र इथे पुरं करते, अक्षराला हसू नकोस.

मुन्नार पाहिलं. डोंगरच्या डोंगर चहाचे. वरून पाहिलं तर कोणी हिरवी गोधडी अंथरून हाताने टाचली आहे असं वाटतं. थंडी एवढी की सुचिताने साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि शालीवर माझा टॉवेल घेतला. डोंगरी शेळ्यांसारखे प्राणी आहेत, ते माणसाला भीत नाहीत. धरण पाहिलं. बाग पाहिली, नाव विसरले.

आज इथल्या तळ्यात मोठ्या बोटीत बसलो. पाण्यात जुन्या झाडांची वाळलेली खोडं उभी आहेत, त्यांवर काळे पक्षी पंख पसरून ऊन खातात. काठावर हत्तींचा कळप आला. सगळ्या उभ्या राहिल्या, बोट एका अंगाला कलली, बोटवाला ओरडला. मी बसूनच होते. मला वाटलं पिशवीत फोन वाजला. नव्हता वाजला. वर पाहिलं तोवर हत्ती झाडीत गेले होते. नंतर सुचिताने तिच्या मोबाईलवर दाखवले.

डोंगरात फोनला रेंज नसते. असते कधी कधी.

कोणी जऊळक्याला येऊन तुला काही सांगितलं, तर माझ्याकडून ऐकल्याशिवाय मनात धरू नकोस. पवनच्या बाबांचं म्हणशील तर. ते मी आल्यावर लिहीन. आता नको. सगळ्या मसाल्याच्या बागेत निघाल्या आहेत, वेलदोड्याचं झाड पाहायला. मीही जाते. खोलीत बसले तर भिंती अंगावर येतात.

मंजुषा


मालेगाव,
२९ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं पत्र मिळालं. 'नवरा उपाशी असताना तू तिथे फिरत राहिलीस हे खरं का,' एवढंच विचारलंस, खाली नावसुद्धा घातलं नाहीस. खरं आहे. पण सगळं ऐक.

मुन्नारला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या मळ्यात होतो तेव्हा पवनचा फोन आला.

"आई, बाबा जेवून नाही राह्यले."

"कधीपासून?"

"परवापासून. आधी बराबर जेवले. मंग संगीता बोलता बोलता बोलून गेली का आई अजून आठ दिस नाही येत. तवापासून बंद. घास नेला का तोंड भिताडाकडे करतात. तुह्यं नाव घेतात."

"डॉक्टर?"

"येऊन गेले. म्हनले, असंच राह्यलं तर सलाईन लावा लागते. तू ये आई. लोकं काय म्हनतीन?"

ताई, मला त्याच क्षणी कळलं. तुझ्या नातवाच्या बारशाला मी आले नव्हते, ताप आहे म्हणून कळवलं होतं, आठवतं? ताप नव्हता. मी पिशवी भरली आणि यांनी ताट सरकवलं. पिशवी रिकामी केली तेव्हा जेवले. उजव्या अंगाला लकवा मारल्यापासून हे असंच आहे. मी कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. आजारी माणसाची तक्रार काय करायची?

पवनला म्हटलं, येते. हरीओमने धावपळ करून गाडी ठरवली. कोचीला उतरायचं, तिथून नागपूरला जायला विमान. सुचिताने माझी बॅग भरली आणि रडली. मी रडले नाही. मला घाई झाली होती.

आता जे लिहिते ते वाचून पत्र फाडून टाक. गाडी घाट उतरत होती, मी मागे एकटी होते. माझ्या मनात आलं, यांचं एकदाचं संपलं तर? आणि तिथे मी थांबले नाही. त्यानंतर मी कुठे कुठे जाईन हेही मनात आलं. कन्याकुमारी आली, तू माझ्यासोबत होतीस. एक-दोन वळणांपुरतं आलं असेल. मग मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं.

रस्त्याच्या कडेलाच धबधबा होता. सात-आठ पायऱ्यांनी उतरावा तसा डोंगरावरून पाणी उतरत येतं, तुषार रस्त्यापर्यंत. लोक फोटो काढत होते, एकीकडे कणसं भाजत होते, माकडं हिंडत होती. मी तोंड धुतलं. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याने माझ्या हातात फोन दिला, आमचा फोटो काढा म्हणून. माझा अंगठा मधे आला, ते खूप हसले. मग ती पोरगी म्हणाली, "आंटी, आपका भी निकालते हैं." मी नको नको म्हणत कठड्याला टेकले. तिने माझ्या फोनवर फोटो काढून दाखवला.

ताई, त्यात मी हसत होते. कोणी हस म्हटलं नव्हतं. अंगावर पाणी उडत होतं म्हणून हसले असेन. माझा एकटीचा असा फोटोच नाही, प्रत्येक फोटोत यांच्या खुर्चीमागे उभी आहे. मी त्या बाईकडे पुष्कळ वेळ पाहिलं. वाटलं, आता ही घरी गेली तर पुन्हा निघणार नाही. ताट सरकवलं की येते, हे यांना कायमचं कळेल. आणि घाटात जे माझ्या मनात आलं ते मग दर आठवड्याला येईल. त्याची मला जास्त भीती वाटली.

ड्रायव्हरला म्हटलं, "वापस चलो."

"एअरपोर्ट, अम्मा?"

"नहीं. मुन्नार."

गाडीतूनच संगीताला फोन लावला. म्हटलं, मोबाईल त्यांच्या कानाला धर. मग बोलले, "मी हो, मंजुषा. तुमी जेवून नाही राह्यले ते समजलं मले. मी आता येनार नाही. सांगतल्या दिवशीच येईन. जेवा." श्वास ऐकू येत होता. मग घशातून आवाज आला, रागाचा की रडण्याचा ते कळलं नाही. संगीता म्हणाली, "आई, त्यायनं मोबाईल लोटून देला."

दुसऱ्या दिवशी त्यांना वाशिमला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. पवन फोनवर ओरडला, "तुले काहीच कसं वाटून नाही राह्यलं?" मी तेव्हा ठेकडीच्या बोटीच्या रांगेत उभी होते. हरीओम म्हणाला, काकू, अजूनही गाडी करतो. मी म्हटलं, डॉक्टरला विचार, जिवाला धोका आहे का. त्याने स्वतः फोन लावून विचारलं. डॉक्टर म्हणाले नाही, अशक्तपणा आहे. मी बोटीत बसले. हत्ती का दिसले नाहीत ते आता तुला कळलं असेल. उरलेली सगळी सहल अशीच गेली. सगळं पाहिलं आणि एकही गोष्ट धड पाहिली नाही. फिरलीस म्हणतेस, तर असं फिरले.

मी यायच्या आधीच त्यांना घरी आणलं, तरी ते जेवले नाहीत. पवन हात जोडायचा, शेजारच्या बाया येऊन समजावायच्या. संगीताला काय वाटलं कोण जाणे. तिने खिचडीचं ताट सासऱ्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं, म्हणाली, "मामाजी, मले वांगे तोडाचे हायत," आणि मळ्यात निघून गेली. परत आली तर अर्धी खिचडी चादरीवर, अर्धी ताटात, आणि यांच्या मिशांना शितं. स्वतःच्या हाताने खाल्लं होतं!

सहा वर्षं मी घास भरवले, ताई. कधी त्यांना खाऊन पाहा म्हटलं नाही. त्यांनीही हात पुढे केला नाही. मी घरी आले तेव्हा ते डाव्या हाताने वरण-भात खात होते, सांडत, थांबत, पुन्हा. माझ्याकडे पाहिलं नाही. मी जवळ जाऊन चमचा घ्यायला गेले, तर माझा हात बाजूला केला. मला राग आला. खूप राग आला, आणि मागे जाऊन गोठ्यात रडले. मी त्यांच्यासाठी काय होते, हाच प्रश्न पडला. संगीताला शाबासकी द्यायला हवी होती, ती मी तीन दिवसांनी दिली, तीही धड नाही.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. दहा-पंधरा शब्द येतात तोंडात, ते संगीताला मिळतात. मी बोलत राहते. पाणी वर आणि शेत खाली असतं ते सांगितलं, बांधाचं सांगितलं. ते भिंतीकडे पाहतात. पण मी बोलताना डोळे मिटत नाहीत, एवढं खरं.

परवा हिरीबाई आली, आमच्या शेजारची. मी ओसरीवर मेथी निवडत होते. आल्या आल्या म्हणाली, "काय पायलं वो बाई केरळात, नवऱ्याले उपाशी ठेवून?" दोघीतिघी आणखी होत्या, त्या पायाकडे पाहू लागल्या. इतके दिवस मनात वाक्यं तयार केली होती, आणि मी मेथीच निवडत राहिले.

आतून खाट वाजली. ते ओरडले. आधी नुसताच आवाज, मग पुन्हा, जोर लावून, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"तिनं... नाही. मी. मी नाही... जेवलो. मी."

हिरीबाई उठून गेली. मी आत गेले. घाम फुटला होता त्यांना, मान वळवून भिंतीकडे पडले होते. मी पदराने कपाळ पुसलं, त्यांनी पुसू दिलं. रात्रीचं ताट मी नेलं, तर संगीताला हाक मारली. म्हणजे सगळं मिटलं असं समजू नकोस.

मला घरात बसवत नाही. सकाळी मळ्यातली भाजी विकायला बाजारात मी जाते आता, पवनला जाऊ देत नाही. तिथेही उभीच असते. परत आले की ओसरीवरून मळ्यात, मळ्यातून ओसरीवर. संगीता म्हणते, आई, बसा ना जरा. कशी बसू?

बाया मार्चमध्ये कन्याकुमारीला जात आहेत. मी नाव दिलं. माझं, आणि न विचारता तुझंही. नाही म्हणायचं तर नाही म्हण, मी एकटी जाईन. यांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून घरी जाईन आणि ते जेवायला बसायच्या आधीच सांगेन, नंतर नाही.

तू मला बरं म्हण की वाईट म्हण, पण पुढच्या पत्राखाली तुझं नाव घाल.

जाते सांगायला.

तुझी धाकटी,
मंजुषा