पोत्याच्या तळाशी

आई,

मंगळवारी कंपनीत जे झालं ते तुलाच नीट कळेल, म्हणून लिहिते आहे. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता कुठं काम करते हे तुला माहीत असायचं कारण नाही. निघोज्यात रबरी रिंगा बनवणारी एक कंपनी आहे, साठेक माणसांची. तू आकुर्डीच्या घरात बसून ज्या रिंगांचं जादा रबर कापायचीस, तशाच रिंगा. परदेशातल्या पंप बनवणाऱ्या कंपन्यांना त्या विकणं हे माझं काम. कार्डावर आंतरराष्ट्रीय मार्केटिंग प्रमुख असं छापलं आहे. खात्यात मी एकटीच आहे.

ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. ओट्याखाली रिंगांचं पोतं आणि खिडकीपाशी पाय लांब करून बसलेली तू. साच्यातून निघालेल्या रिंगेच्या कडेला पातळ रबर राहतं. ते लहान कात्रीनं कापायचं, पण रिंगेला कात्री लागू द्यायची नाही. कापून झालं की तू अंगठ्याचं नख कडेवरून एकदा फिरवायचीस. नख अडलं की रिंग बाजूला. कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही तुझं नख फिरतच असायचं. बारावीच्या सुट्टीत मीही तुझ्या शेजारी बसते. माझा हात घाईचा. एका दुपारी बऱ्याच रिंगांना माझी कात्री लागते. मी त्या पोत्याच्या तळाशी घालते आणि वर तुझ्या चांगल्या रिंगा ओतते. संध्याकाळी माल न्यायला टेम्पो येतो. पोतं बांधायच्या आधी तू हात आत खुपसतेस, कोपरापर्यंत, आणि एक रिंग वर काढतेस. नख फिरवतेस. मग अख्खं पोतं फरशीवर ओततेस.

"कामून दडवलीस?"

"टेम्पो यायची वेळ झाली होती."

"खाली दडवली म्हणून ती चांगली झाली का? कुठंतरी मशीनमधी बसंल, अन् तिथं गळंल. तवा त्या माणसानं कुणाला विचारायचं?"

टेम्पोवाला दारातून ओरडत होता, "काकू, उरका की! अजून चार घरं हायत." तू त्याला म्हणालीस, "घाई आसंल तर जा बाबा. माल उद्या ने." तो गेला. दुसऱ्या दिवशी तू खराब रिंगा एका पिशवीत बांधून पोत्याच्या तोंडाशी ठेवल्यास, सगळ्यात वर. पुढं नेहमीच तशा ठेवत राहिलीस. गल्लीतल्या बाया तुला हसायच्या. आपलीच चूक वरती सजवून कोण पाठवतं, म्हणायच्या. तुला काम देणाऱ्या कंपनीनं मात्र तुझं पोतं पुन्हा तपासणं सोडून दिलं होतं.

सरकारी शिष्यवृत्ती मिळून मी शिकायला परदेशी गेले तेव्हा तू तुझी जुनी कात्री माझ्या बॅगेत टाकलीस. मुठीला साडीची चिंधी गुंडाळलेली. "तिकडं मिळत असंल सगळं, पण असू दे," म्हणालीस. दोन वर्षं मी तिनं फक्त दुधाच्या पिशव्या कापल्या. मार्केटिंगच्या वर्गात आम्हाला शिकवत की माल आधी गोष्टीतून विकला जातो. गोष्ट कशी बेतायची, काय पुढं करायचं, काय मागं ठेवायचं. मला ते चांगलं जमायचं. शिक्षण संपता संपता तू गेलीस. मी दहा दिवस घरी येऊन परत गेले, कारण तिथं नोकरी लागली होती, माल विकत घेणाऱ्या एका कंपनीत. माझे साहेब कुठल्याही कारखान्यात शिरले की आधी लाल क्रेट मागायचे. नापास माल ठेवायचा क्रेट. एका ठिकाणी तो अगदी रिकामा निघाला. साहेबांनी वही मिटली, चहा प्यायले आणि निघाले. गाडीत म्हणाले, इथं एक तर कुणी तपासत नाही, किंवा कुणी खरं बोलत नाही. मला फरशीवर ओतलेलं आपलं पोतं आठवलं. तेव्हाच ठरवलं, परत जायचं आणि आपल्याकडचा माल विकायचा.

ठरवणं सोपं होतं. माणच्या आयटी पार्कातल्या काचेच्या ऑफिसांतून मला बोलावणी होती. मी निघोज्याला गेले. पहिली तीन वर्षं एकही परदेशी ऑर्डर आली नाही. कंपनीचे मालक गावातलेच, पूर्वी तिथंच त्यांची शेती होती. सगळे त्यांना दादा म्हणतात. ते रोज विचारायचे, "मॅडम, आमचा जावई कवा यायचा?" परदेशी गिऱ्हाइकाला ते जावई म्हणतात. मी म्हणायचे, येईल. छोटी कामं येऊ लागली. या वर्षी एक मोठं गिऱ्हाईक पाहणीला यायला तयार झालं. दादांनी माझ्या शब्दावर नवी प्रेस मशीन बसवली. हे गिऱ्हाईक हातचं गेलं असतं तर ती बंद पडून राहिली असती आणि माझ्या शब्दाला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

मंगळवारी सकाळी आठला मी पोचले. शेड झाडलेली, दारात रांगोळी. आणि लाल क्रेट रिकामा, खंडेनवमीला मशीन धुतात तसा धुऊन पुसून ठेवलेला. नापास रिंगा पोत्यात भरून शेडच्या मागं भंगारात टाकल्या होत्या. मी ते पोतं ओढत आत आणलं आणि क्रेटमध्ये ओतलं. दादा धावत आले.

"आवो मॅडम, काय करताय? पाव्हणं पोरगी बघाय आलं म्हंजी तिची दुखणी वाचून दावायची व्हय?"

"पोरगी नाही दादा, रिंग आहे. दुखणं आधी सांगितलेलं बरं."

"आन् त्यो उठून गेला म्हंजी?"

"तर मीही त्याच्या मागं जाईन. राजीनामा लिहून देते, खिशात ठेवा. पण क्रेट रिकामा राहणार नाही."

दादा मागं वळले. मग शिपायाला म्हणाले, "च्या टाक रं. आज मॅडमच्या अंगात आलंय."

गिऱ्हाईक म्हणजे साठीचा एक कमी बोलणारा माणूस. प्रेस बघितली, कागद बघितले, मग क्रेटपाशी आला. मूठभर रिंगा काढून त्यानं उजेडात धरल्या. त्याला काही दिसेना. ही नापास का, त्यानं विचारलं. तपासणीच्या टेबलावर एक मावशी असतात, निघोज्याच्याच. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, डोळ्याला न्हाई दिसायचं. नखाला लागतं." मी सांगितलं. त्यानं अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. ते अडलं. तो स्टूल ओढून मावशींशेजारी बसला आणि एकेक रिंग घेऊन बघत राहिला. दादा दारात उभे होते, हातातला चहा निवत होता. बऱ्याच वेळानं उठून तो म्हणाला, उरलेला कारखाना नाही बघितला तरी चालेल.

शुक्रवारी मेल आला. वर्षभराचं काम मिळालं. दादा म्हणाले, "उजवली बगा पोरगी, दुखण्यासकट!" मी लिहून दिलेला राजीनाम्याचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. पुढच्या महिन्यात मला तिकडं जाऊन त्यांच्या खरेदी खात्यासमोर आपल्या कामाची पद्धत सांगायची आहे. मी जाणार आहे. दुसरं गिऱ्हाईकही त्याच फेरीत गाठणार आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. घडी करून तुझ्या कात्रीखाली ठेवते. पण एक राहिलं. मंगळवारी निघताना त्या माणसानं मला विचारलं होतं, हे कुठं शिकलात? मी म्हणाले, विद्यापीठात. आणि तिथं शिकत असताना तू एकदा फोनवर विचारलं होतंस, तिथल्या लोकांना माझं काय सांगतीस? मी म्हणाले होते, सांगते ना सगळं. तू बरं म्हणालीस. मी सगळं सांगत नव्हते. आई कंपनीत तपासणी अधिकारी आहे, असं सांगायचे. पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग तेच सांगत राहिले. लाल क्रेट मी भरून ठेवला, आई, पण तुला आजवर तळाशीच ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात त्या लोकांसमोर पोतं ओतीन. सगळ्यात वर तू असशील.