सोडा म्हणजे सोडू नका

३ फेब्रुवारी
मी मास्तरीण झाले! गावच्या शाळेत सातवी, तीसुद्धा गुरुजी कंटाळले म्हणून वर ढकललेली — आणि आजपासून दहा बायका मला ‘बाई’ म्हणणार!
पोहण्याच्या तलावावर सकाळचा बायकांचा वर्ग. आधीची शिकवणारी लग्न करून गेली. मॅनेजर घाईत होता. ‘पोहता येतं ना?’ म्हटलं, आमच्या विहिरीतले बेडूक माझ्याकडूनच शिकलेत. हसला आणि ठेवून घेतलं.
सूनबाई म्हणाली, ‘आई, या वयात तोकड्या कपड्यात?’ म्हटलं, अगं, साडी नेसून बुडाले तर तुलाच आवरावं लागेल.
ह्यांच्या फोटोलाही सांगितलं. गप्प. होते तेव्हा तरी कुठं बोलायचे!

५ फेब्रुवारी
दहाहीजणी पाण्यात उतरल्या, नऊजणी काठ सोडून पुढं सरकल्या. दहावी पोस्टात काम करणारी — काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली. पाय सायकल मारल्यासारखे झकास मारते, पण हात सुटत नाहीत. कड्याला चिकटलेली घोरपड बरी. मी नाव ठेवलं दांडीबाई.

६ फेब्रुवारी
दांडीबाईनं दांडी मारली. नावाला जागली!

१० फेब्रुवारी
घात झाला. मुलांना शिकवणारी पोरगी, गळ्यात कायम शिट्टी — तिनं मला पोहताना पाहिलं. ‘काकू, मान वर काढून? म्हशीसारखं?’
म्हटलं, म्हैस बुडालेली बघितलीस कधी?
मॅनेजरनं ऐकलं. म्हणे, शिकवणारीला परीक्षा द्यावी लागते. तोंड पाण्यात, श्वास बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. महिनाअखेरीला. नाही जमलं तर वर्ग शिट्टीवालीचा.
झालं! आता मलाच शिकायचंय.

१२ फेब्रुवारी
अर्धा तलाव प्याले. शिकवायला शिट्टीवालीच! ओरडते, ‘काकू, श्वास सोडा! पाण्यातच सोडा!’ कसा सोडू? जन्मभर पाणी दिसलं की श्वास धरायचा, एवढंच माहीत.
लगेच माझा वर्ग. नाकातून पाणी गळतंय आणि मी सांगतेय — बायांनो, हिंमत हरायची नाही! एकीनं रुमाल दिला. मेली, खदाखदा हसत होती.

१७ फेब्रुवारी
आज हसून हसून मीच बुडायची होते!
दांडीबाईला रोज काठावरून ओरडते — ‘सोडू नका! सोडू नका!’ म्हणजे धीर सोडू नका. ती दांडा आणखी आवळते. बोटं पांढरीफटक. शेवटी वैतागून म्हटलं, अहो, हात कधी सोडणार?
‘बाई, तुम्हीच तर सांगता ना, सोडू नका! मी इमानदारीत धरून बसलेय!’
‘अहो धीर सोडू नका, दांडा सोडा!’
‘मग नीट सांगा की! पोस्टात असं अर्धं लिहिलं तर पत्र परत येतं.’
मग हळूच म्हणाली, नातीला कबूल केलंय — एकदा तुझ्याबरोबर मधोमध पोहीन. नात रोज विचारते, आजी, अजून काठालाच?
तिला हसले, पण घरी येताना वाटलं — मी तरी काय? ती दांडा धरते, मी श्वास.

२१ फेब्रुवारी
सोडावंसं वाटलं आज. श्वास नव्हे — कामच.

२२ फेब्रुवारी
गेले तरी. दांडीबाई माझ्याआधी येऊन दांड्याला लटकलेली! आता मी कुठल्या तोंडानं घरी बसू?

२८ फेब्रुवारी
परीक्षा. दहाही जणी पाण्यात, काठाचा दांडा धरून. मॅनेजर गंभीर, शिट्टीवाली तोंडात शिट्टी धरून.
उडी मारली. तोंड पाण्यात. छाती फुगली, कान बंद. संपलं म्हटलं — तेवढ्यात पाण्यातनं आवाज आला, ‘बाई, सोडा! सोडाऽऽ!’
सोडला. बुडबुडे! नाकासमोरनं बुडबुडे पळाले आणि मी पुढं सरकले! मान बाजूला, श्वास, परत बुडबुडे. अगं बाई, उडतेय की मी!
टोक पाच हातांवर आलं. मान वळवली तर समोर दांडीबाई, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडतेय — दोन्ही हातांचा! खाली पाय सायकल मारतायत, वर दांडा मोकळा!
मी थांबलेच. म्हशीसारखी मान काढून ओरडले, ‘अहो, दांडा कुठंय?’
तिनं हात बघितले, किंचाळली, बुडाली — आणि आपली आपण वर आली!
शिट्टी वाजली. मध्येच थांबले म्हणून नापास.

१ मार्च
मॅनेजर म्हणाला, नियम तो नियम, उद्यापासून वर्ग शिट्टीवालीचा. तशा दहाही जणींनी एकदम दांडा धरला. तलाव बंद करायची वेळ टळून गेली, तरी वर येईनात. दांडीबाई म्हणाली, ‘बाईंची परीक्षा परत घ्या. आम्हाला शिकवलंय त्यांनी — सोडायचं नाही.’
सोमवारी परत परीक्षा!