केळीची साल आणि माझा शांत स्वभाव

१ मार्च, सकाळी ६
आजपासून दोन संकल्प. एक, केळीच्या सालीवर काळी बुरशी वाढवून एन्झाइम काढायचं. दोन, कुणावर हात उचलायचा नाही. चाळीसगाव रोडच्या चिप्स फॅक्टरीत साल फुकट मिळते. एन्झाइम टाकलं की केळीचा गढूळ ज्यूस नितळ होतो. जळगावचे ज्यूसवाले नवलशेठ एकतीस तारखेला सॅम्पल बघायला येणार. पसंत पडलं तर वर्षभराची ऑर्डर. नाही पडलं तर मी धुळ्याला मेव्हण्याच्या भंगारच्या दुकानात, असं ज्योतीने बजावलंय. बायको आहे, पण सायन्स कळत नाही.

सायं. ७
संकल्प दोन तात्पुरता स्थगित. फॅक्टरीच्या गेटवर आमचे थोरले बंधू, नाना, म्हशीसाठी सालीचं पोतं ओढत होते. मी शांतपणे समजावलं. ऐकेनात, म्हणून पोत्यासकट गटारात ढकललं. त्यांनी माझ्या दंडाला चावा घेतला. पन्नाशीच्या माणसाला शोभतं का?

६ मार्च
साल कुकरमध्ये वाफवून बारा ट्रेमध्ये पसरली. कॉलेजातून आणलेली बुरशी वर पेरली. फालतू जंतू नकोत म्हणून ट्रे रोज फिनाईलने पुसायचे. ज्योती म्हणाली, बुरशी जगवायची आणि वर फिनाईल? मी वाद घातला नाही. भिंतीवरचं घड्याळ फोडलं. आपलंच होतं.

११ मार्च
ट्रेवर काही उगवेना. नाना त्यांच्या अंगणातून ओरडले, "वाल्मीक, तुनी बुरशीबी तुले घाबरस!" मधल्या भिंतीवरून तीन ट्रे हाणले. एक त्यांच्या कपाळावर, चार टाके. बाकी माल त्यांच्या उकिरड्यावर. नेम अजून चांगला आहे.

१२ मार्च
नाना म्हशीचा खुंटा घेऊन आले. माझा पुढचा दात गेला. तसाही हलत होता. उत्तरादाखल आणखी चार ट्रे. पाचच उरले. क्वालिटी महत्त्वाची, संख्या नाही.

२० मार्च
नाना बोंबलतायत की उकिरडा काळाठिक्कर पडलाय आणि म्हैस तिकडे फिरकत नाही. माझा काय संबंध? तत्त्व म्हणून एक दगड मारला.

२७ मार्च
फिनाईल दुप्पट केलं. ट्रे आरशासारखे स्वच्छ. एन्झाइम काय डोळ्यांना दिसतं? ज्योतीने लाटणं फेकलं, मी चुकवलं. पोळपाट चुकवता आला नाही.

३१ मार्च, रात्री
शेठ आले. मी ट्रेमधली साल पिळून पाणी ज्यूसमध्ये घातलं. तासभर वाट पाहिली. ज्यूस गढूळचा गढूळ, वर फिनाईलचा वास. शेठ म्हणाले, हे कुणाला पाजायचं, शत्रूला? मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी थोबाडीत दिली. नाना सोडवायला भिंतीवर चढले, तर मातीची भिंतच कोसळली. तिघेही उकिरड्यावर.

शेठ उठले तर कोपरापर्यंत काळे. हात हुंगला. तीच काळी साल पाण्यात पिळली, गाळली, ज्यूसमध्ये घातली. अर्ध्या तासात ग्लासमधून पलीकडची म्हैस दिसायला लागली.

शेठनी विचारलं, उकिरडा कुणाचा? नानांचा. प्रोसेस काय? नाना कपाळावरचे टाके चोळत म्हणाले, "हाऊ मना भाऊ राग मा फेकस. बठ्ठं त्यानंच शे."

खरं बोलले बिचारे, सगळं माझंच. पण उकिरडा त्यांचा, म्हणून ऑर्डर त्यांच्या नावावर.

१ एप्रिल, सकाळी ९
धुळं टळलं. नानांनी मला कामावर ठेवलं. काम एकच. ट्रे भरायचे आणि भिंत होती तिथे उभं राहून, प्रोसेसप्रमाणे रागाने, उकिरड्यावर हाणायचे. नाना पलीकडे खुर्ची टाकून बसले, डोक्याला हेल्मेट. मी पहिला ट्रे उचलला. हात वर जाईना. नाना म्हणाले, "फेक ना रे भाऊ." त्यांनी आईवरून दोन शिव्या दिल्या. आई आमची एकच. ज्योतीनेही मदत म्हणून एक शिवी दिली.

काही उपयोग नाही. राग येतच नाहीये. नुसतं रडू येतंय.